विचारलं तरच सांगायचं

बॅरिस्टरांच्या आमच्या चेंबरच्या बातम्या मी लिहिते. जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर काचेची एक पेटी आहे, तिच्यात दर महिन्याला एक छापील पान लागतं. तेच पान वेबसाइटवरही जातं. वर ठळक अक्षरांत मथळा असतो, 'आमच्या सदस्यांचं अलीकडचं काम आणि सार्वजनिक सहभाग'. त्याखाली कोणत्या बॅरिस्टरांनी कोणता खटला जिंकला, कोण कुठल्या परिसंवादात बोललं, कोणाला कुठल्या समितीवर घेतलं, असं सगळं. हरलेले खटले त्यात येत नाहीत. मी इथे नवीन लागले तेव्हा भाबडेपणाने विचारलं होतं, की हरल्याचं कुठे लिहायचं? त्यावर सगळे असे काही हसले, की पुढे मी तो विषय काढला नाही.

या पानावर बाईंचं नाव मी फारसं कधी लिहिलं नाही. आता तर ते दारावरच्या पाटीवरही नाही. म्हणून म्हटलं, एकदा नीट, पान पुरवण्याची घाई न करता लिहावं.

बाई म्हणजे आमच्याकडच्या एक बॅरिस्टर. सगळे त्यांना समोर बाई म्हणायचे आणि पाठीमागे फुकटबाई. हे नाव कोणी ठेवलं ते मला माहीत आहे, पण तो माणूस अजून रोज माझ्यासमोरून जातो, तेव्हा जाऊ दे. बाईंचे वडील कोर्टात शिपाई होते. न्यायाधीश आत यायच्या वेळी दार उघडून धरायचं आणि 'उठा' म्हणून सांगायचं, हे त्यांचं काम. शाळा सुटली की बाई तिथेच मागच्या बाकावर येऊन बसायच्या आणि गृहपाठ करायच्या. कानावर पडेल ते ऐकत मोठ्या झाल्या. बॅरिस्टर झाल्या त्या दिवशी वडिलांनीच त्यांच्यासाठी दार उघडून धरलं होतं आणि त्या लाजून दुसऱ्याच दाराने आत गेल्या होत्या. हे सांगताना त्या हसायच्या, पण एकदा सांगता सांगता उठून खिडकीपाशी गेल्या होत्या.

शरीराने बारीक, आवाज त्याहून बारीक. प्रत्येक न्यायाधीश त्यांना एकदा तरी 'जरा मोठ्याने' म्हणायचाच. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, आणि तो इतका ढिला की बोलताना सारखा नाकाच्या शेंड्यावर यायचा. मग बोटाने वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. चष्मा काढला की त्यांना स्वतःचा हातसुद्धा धड दिसत नसे. घरी धाकटी बहीण, नवरा गेल्यावर बाईंकडे राहायला आलेली, आणि तोंडाची फटकळ. "जगाची भांडणं सोडवते आणि घरातला नळ वर्षभर गळतोय," असं ती माझ्यादेखत बाईंना सुनवायची. बाई म्हणायच्या, "नळाची बाजू ऐकल्याशिवाय काही करता येत नाही गं." बहीण कपाळावर हात मारायची.

चेंबर म्हणजे एखादी कंपनी असावी असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नाही. एका छपराखाली बसायचं, जिना एक, चहाचं भांडं एक, पण प्रत्येकाचं दुकान वेगळं. एकाच खटल्यात एक बॅरिस्टर वादीतर्फे आणि शेजारच्या खोलीतला प्रतिवादीतर्फे उभा राहतो आणि दोघं परत येताना एकत्र येतात. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. कामाची वाटणी करतो आमचा मुख्य कारकून. त्याला आम्ही मुकादम म्हणतो. एखाद्या बॅरिस्टरला एकाच दिवशी दोन ठिकाणी जायचं आलं, की एक ब्रीफ, म्हणजे त्या खटल्याचे कागद आणि काम, परत येतं. मुकादम ते उचलतो आणि जो मोकळा असेल त्याच्या टेबलावर नेऊन ठेवतो. ठेवलं की ते त्याचं. अशील आवडत नाही, बाजू पटत नाही, असली कारणं चालत नाहीत. धंद्याचा जुना दंडक आहे आणि तसा तो चांगला आहे, नाहीतर वाईट माणसाला वकीलच मिळणार नाही. फक्त आमच्याकडे मोकळं कोण, याचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असायचं. बाईंची निम्मी वकिली अशा परत आलेल्या ब्रीफांवर झाली. संध्याकाळी कागद गळ्यात पडायचे आणि सकाळी त्यावर उभं राहायचं.

आता वाचनालयातल्या टेबलाविषयी सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं.

आमचे थोरले साहेब चेंबरचे प्रमुख आहेत. माणूस हुशार, बोलणं लोण्यासारखं. त्यांच्या मनात आलं की आपल्या चेंबरने समाजासाठी काहीतरी करावं. मग ठरलं की दर शनिवारी सार्वजनिक वाचनालयाच्या तळमजल्यावर एक टेबल मांडायचं आणि लोकांना फुकट कायदेशीर सल्ला द्यायचा. पाळीपाळीने सगळ्यांनी बसायचं. पहिल्या दिवशी फोटो काढला, तो मीच काढला. थोरले साहेब खुर्चीत, बाकीचे मागे उभे. बाईही त्या फोटोत आहेत, पण पाठमोऱ्या, कारण तोपर्यंत एक बाई रडत आली होती आणि आमच्या बाई तिला कोपऱ्यात घेऊन बसल्या होत्या. पाळीचं पुढे काय झालं ते सांगायला नको. एकाची पाठ धरली, दुसऱ्याकडे पाहुणे आले, तिसऱ्याने सरळ काढता पाय घेतला. वर्षाच्या आत ते टेबल एकट्या बाईंचं झालं, आणि बातम्यांच्या पानावर मात्र 'आमच्या चेंबरतर्फे' असंच छापत राहिलो.

त्या टेबलाचा एक नियम होता. आलेल्या माणसाचं नाव विचारायचं नाही, पत्ता विचारायचा नाही, काही लिहून ठेवायचं नाही. ऐकायचं, सांगायचं आणि विसरायचं. थोरल्या साहेबांनी हा नियम घातला तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. कारण उघड होतं. एकदा नाव कळलं की उद्या त्याच्या विरुद्ध बाजूचं काम घेता येत नाही. ज्याला सल्ला दिला त्याच्या विरोधात उभं राहणं हा आमच्या धंद्यात मोठा गुन्हा. फुकटच्या टेबलापायी पैशाचं काम हातचं का घालवा? नाव माहीतच नसलं म्हणजे झालं. एवढ्या शिकलेल्या माणसांत कोणालाही असं वाटलं नाही, की नाव विचारलं नाही म्हणून माणूस नाहीसा होत नाही. मलाही वाटलं नाही म्हणा.

त्या टेबलाशी एक म्हातारे काका यायला लागले. मी त्यांना तिथे पाहिलं नव्हतं. हे सगळं मला बाईंनी नंतर सांगितलं. काका चष्मे दुरुस्त करायचे. दुकान वगैरे नाही. पत्र्याची पेटी घेऊन कचेऱ्याकचेऱ्यांतून फिरायचे, कोणाची काडी बसव, कोणाचा स्क्रू पिळ. पहिल्या दिवशी ते समोर बसले, आणि स्वतःची तक्रार सांगायच्या आधी म्हणाले, "बाई, तो चष्मा द्या इकडे. असा चष्मा लावून कायदा वाचता होय? ओळी इकडच्या तिकडे होतील."

बाईंनी चष्मा काढून दिला. काका स्क्रू पिळत बोलत राहिले, बाई ऐकत राहिल्या. पुढे ही रीतच पडली. काका येणार, खुर्ची ओढणार, "द्या इकडे" म्हणणार. बाईंचं नाक की चष्म्याची काडी, दोष कोणाचा होता कोण जाणे, पण तो चष्मा आठवड्याभरात पुन्हा ढिला व्हायचा. म्हणजे जितका वेळ काका समोर असायचे तितका वेळ बाईंचा चष्मा काकांच्या हातात. बाईंना दिसायचा तो एक करडा ठिपका, वर पांढरं काहीतरी, आणि त्यातून येणारा आवाज.

काकांची अडचण अशी होती. एका जुन्या इमारतीत मागच्या बाजूला त्यांची भाड्याची खोली. बायको तिथेच गेली, मुलगी तिथेच वाढली. आता मालकाला इमारत रिकामी हवी होती आणि बाकीचे भाडेकरू एकेक करून निघून गेले होते. काकांना जायचं नव्हतं. हट्ट म्हणून नाही. मुलगी याच शहरात होती, दोन खोल्यांचं घर होतं, "बाबा, या ना" असं ती म्हणायचीही. पण जावई सासऱ्याशी बोलत नव्हता. लग्नातली काहीतरी जुनी अढी. काका तिथे एक रात्र राहिले, तर पुढचे आठ दिवस मुलीला टोमणे ऐकावे लागायचे. "मी तिथे गेलो तर मला काही होणार नाही हो," काका म्हणाले होते, "मला जेवायला मिळेल, झोपायला मिळेल. तिचं मात्र तोंड बंद होईल. माझी खोली आहे तोवर ती त्या घरात ताठ आहे."

बाईंनी त्यांना सगळं शिकवलं. कोर्टात काय बोलायचं, कुठे थांबायचं. सर्वांत महत्त्वाचं हे, की मालकाचा वकील विचारेल, राहायला दुसरी जागा आहे का? आहे म्हणालात तर खोली गेली. "खोटं बोलायचं नाही काका. पण न विचारलेलं सांगायचं नाही. विचारलं तरच सांगायचं. आणि विचारलं तर म्हणायचं, माझ्या हक्काची दुसरी जागा नाही. मुलीचं घर हा तिचा संसार आहे, ती माझी जागा नाही. हे खरंच आहे. एवढंच बोलायचं आणि गप्प बसायचं." काकांनी ते वाक्य त्यांच्यासमोर म्हणून दाखवलं होतं. एकदा नाही, पुष्कळदा. शेवटच्या वेळी बाई त्यांना म्हणाल्या, "आता मला काळजी नाही."

नियमाप्रमाणे नाव विचारलं नव्हतं, गाव-गल्ली विचारली नव्हती. काकांनी सुरुवातीला सांगायचा प्रयत्न केला तेव्हा बाईंनीच हात वर करून थांबवलं होतं.

त्यानंतरची गोष्ट. थोरल्या साहेबांकडे एका घरमालकाचं ब्रीफ होतं. भाडेकरूला खोली सोडायला लावायची, असं साधं काम. सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी त्यांना एका मोठ्या परिसंवादातून बोलावणं आलं. मुख्य वक्ता आजारी पडला होता. विषय होता 'न्याय सामान्यांच्या दारी'. असं आमंत्रण कोण सोडतो? साहेबांनी ब्रीफ परत केलं, मुकादमाने ते उचललं आणि बाईंच्या टेबलावर ठेवलं. मी तिथेच होते. मुकादम म्हणाला, "सरळसोट आहे बाई. तासाभराचं काम." बाईंनी चष्मा वर सरकवला आणि कागद ओढून घेतले. कागदांत काय, तर एक नाव, एक पत्ता, 'निवासी खोली, मागील बाजू'. चष्म्यांचा उल्लेख कशाला असेल?

दुसऱ्या दिवशी कागदांची जादा प्रत घेऊन मी कोर्टात गेले आणि मागच्या बाकावर बसले. पुकारा झाला. बाई उठल्या, मालकातर्फे मी म्हणून सांगितलं, न्यायाधीशांनी लिहून घेतलं. शिपाई तोवर बाहेरच्या व्हरांड्यातून भाडेकरूला शोधून आणत होता. एक वयस्कर माणूस आत आला. स्वच्छ दाढी केलेली, कोणाचा तरी मागून आणलेला कोट, खांद्यांत मोठा. आत येताच त्याची नजर बाईंवर गेली आणि त्याचा चेहरा असा उजळला की मी मागे वळून पाहिलं, कोणी ओळखीचं आलंय का. त्याने मान झुकवली. बाईंनीही झुकवली. त्या सगळ्यांनाच झुकवायच्या, आणि लगेच कागदांत डोकं घातलं.

न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्ही वकील दिलाय का?"

"वकील द्यायची ऐपत नाही साहेब," तो म्हणाला, "पण आता काळजी नाही."

न्यायाधीशांनी 'बरं' म्हणून पुढे घेतलं. त्या माणसाने आपलं म्हणणं सांगितलं. थोडक्यात, नेटकं. किती वर्षं राहतो, बायको कशी गेली, इमारत मोडकळीला आलेली नाही. घोकून आल्यासारखं वाटत होतं, पण चांगलं बोलला. बाई खाली मान घालून रात्रीत जेमतेम वाचलेल्या कागदांवर खुणा करत होत्या, आणि त्या उंच छताखाली सगळेच आवाज सारखे घुमतात. मग बाई उलटतपासणीला उठल्या. दोनचार किरकोळ प्रश्न विचारले. तो प्रत्येक प्रश्नाला मान डोलावून, जवळजवळ कौतुकाने उत्तर देत होता. शेवटी बाईंनी तो प्रश्न विचारला, जो अशा खटल्यात मालकाचा कुठलाही वकील विचारतो.

"ही खोली सोडावी लागली, तर तुम्हाला राहायला दुसरी जागा आहे का?"

तो माणूस हसला. मोकळेपणाने हसला. "आहे की. मुलीचं घर आहे, इथेच, दोन खोल्यांचं. तुम्हाला सगळं माहीतच आहे बाई. तुम्हीच म्हणाला होतात ना, विचारलं तरच सांगायचं. आता तुम्हीच विचारताय म्हणून सांगतो."

माझ्या पुढच्या बाकावर मालकाचा व्यवस्थापक बसला होता. त्याची पेन्सिल चालू झाली.

बाई जागच्या जागी उभ्या होत्या. त्यांनी सावकाश दोन्ही हातांनी चष्मा काढला. मला वाटलं पुसताहेत. पुसला नाही. नुसता हातात धरून त्या समोर बघत राहिल्या, जिकडे त्यांना काहीसुद्धा दिसत नव्हतं. नंतर त्यांनी मला सांगितलं, की चष्मा काढल्यावर काका दिसले. करडा ठिपका आणि वर पांढरं.

मग त्या न्यायाधीशांकडे वळल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना 'जरा मोठ्याने' म्हणावं लागलं नाही. "मला या प्रकरणातून मोकळं करावं. प्रतिवादीला मी यापूर्वी सल्ला दिलेला आहे."

"हे आधी ध्यानात यायला हवं होतं," न्यायाधीश म्हणाले.

"मला आत्ता कळलं."

न्यायाधीश भला माणूस होता. त्याने सगळं थांबवलं. सुनावणी पहिल्यापासून होईल, दुसऱ्या न्यायाधीशापुढे होईल आणि आज झालेलं बोलणं कोणीही वापरायचं नाही, असा हुकूम दिला. कायद्याने जेवढं पुसता येतं तेवढं पुसलं. पण व्यवस्थापकाचे कान कोण पुसणार? त्या संध्याकाळीच तो मुलीच्या दारात उभा होता.

काकांना यातलं किती समजलं देव जाणे. त्यांना एवढंच दिसलं, की बाई काहीतरी जोरात बोलल्या आणि कागद आवरून निघून गेल्या. ते त्यांच्या मागे व्हरांड्यात आले होते. बाई मागच्या जिन्याने उतरल्या. मी त्यांच्याबरोबर होते. अर्ध्या जिन्यात त्या बसल्या, गाऊनसकट, पायरीवर. म्हणाल्या, "माझ्याशिवाय दुसऱ्या कोणीही विचारलं असतं, तर तो नीट बोलला असता गं."

पुढच्या तारखेला थोरले साहेब उभे राहिले. परिसंवाद उत्तम झाला होता, त्यामुळे खुशीत होते. त्यांनी काकांना तोच प्रश्न विचारला आणि काकांनी या वेळी शिकवलेलं वाक्य न चुकता म्हटलं, मुलीचं घर हा तिचा संसार आहे, ती माझी जागा नाही. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात साहेबांनी साक्षीदार बोलावला. जावई. इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. भर कोर्टात छाती पुढे काढून म्हणाला, "सासरे मला वडिलांच्या जागी आहेत. आमचं घर त्यांचंच आहे. केव्हाही यावं." चारचौघांत नाही कसं म्हणणार तो? मुलगी मागे भिंतीला टेकून उभी होती. खाली मान घालून. काका जावयाकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्याविषयी तो पहिल्यांदाच बरं बोलत होता. खोली गेली.

त्या महिन्याचं पान लिहायला बसले तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. मुकादमाने आणून दिलेल्या मजकुरात वर होतं, 'चेंबरप्रमुखांचं न्याय सामान्यांच्या दारी या विषयावर बीजभाषण'. खाली होतं, 'पर्यायी निवासाच्या मुद्द्यावर चेंबरप्रमुखांना यश'. सर्वांत खाली, 'वाचनालयातील सल्ला केंद्र तूर्त स्थगित'. मी तसाच कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेले.

"बाईंचं काय लिहू?" मी विचारलं.

"त्यांचं काय?" साहेब म्हणाले. मग माझा चेहरा पाहून आवाज मऊ केला. "हे बघ, त्यांनी वेळेवर अंग काढून घेतलं, योग्य केलं. कोणाचीच चूक नाही. तो प्रश्न कोणीही विचारला असता. पण असल्या गोष्टींचा गवगवा चांगला नाही. त्यांच्याच दृष्टीने."

"आणि नियम तुमचा होता ते?"

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, की पान उद्यापर्यंत लागायला हवं. मी बाहेर आले, बसले आणि लिहिलं. पोटासाठी माणूस काय काय लिहितो. पान ठरल्या दिवशी काचेत लागलं.

बाईंनी ते वाचलं. वाचताना चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, तो त्यांनी वर केला नाही. महिनाअखेरीला त्यांनी चेंबरमधलं टेबल रिकामं केलं आणि मुकादमाला सांगितलं, की नवीन ब्रीफ आता त्यांच्यासाठी काढून ठेवू नये. निरोप समारंभाला नको म्हणाल्या. तसा तो कोणी ठरवलाही नव्हता. धाकट्या बहिणीचा मला फोन आला. नेहमीसारखी फटकळ बोलेल म्हणून मी तयारीत होते. तर ती म्हणाली, "दिवसभर नळासमोर बसून असते. परवा दुरुस्त केला तिने स्वतःच. आता गळत नाही. मला करमत नाही गं त्या आवाजाशिवाय." आणि तिने फोन ठेवला.

बाईंचा गाऊन चेंबरच्या खुंटीवरच राहिला होता. बरेच दिवस मी तो बघत होते. एका शनिवारी तो घडी करून पिशवीत घातला आणि वाचनालयात गेले. बहिणीने सांगितलं होतं, की शनिवारी तिथेच जाते, कोणाचं ऐकत नाही.

बाई त्याच टेबलाशी बसल्या होत्या. आमची पाटी काढून नेली होती, भिंतीवर तिच्या खिळ्यांची भोकं दिसत होती. समोर वर्तमानपत्र उघडं, पण वाचत नव्हत्या. चष्मा अगदीच ढिला झाला होता, एका बाजूने कलला होता. मी म्हटलं, "दुरुस्त तरी करून घ्या." त्या म्हणाल्या, "राहू दे." मी गाऊन शेजारच्या खुर्चीवर ठेवला. त्यांनी त्यावरून एकदा हात फिरवला, वडिलांनी शिवून घेतलेला होता तो.

तेवढ्यात काका आले. हातात पत्र्याची पेटी. पूर्वीपेक्षा खंगलेले, दाढी वाढलेली. बाईंना बघून त्यांचा चेहरा पुन्हा तसाच उजळला, कोर्टात उजळला होता तसा. मला तो बघवेना.

"सापडलात एकदाच्या," खुर्ची ओढत ते म्हणाले. "दर शनिवारी डोकावून जातो. टेबल बंद झालं म्हणाले. माझ्यामुळे तुम्हाला काढून टाकलं ना बाई? मला सगळं दिसत होतं. तुम्ही माझ्या बाजूने बोलायला उभ्या राहिलात आणि त्यांनी तुम्हाला बोलूच दिलं नाही. मग तो दुसरा आणला. तुम्ही असतात तर खोली राहिली असती."

बाईंनी समोरचं वर्तमानपत्र मिटलं. मी विचारलं, "आता कसं चाललंय काका?"

"चाललंय. जेवायला मिळतं, झोपायला मिळतं." ते पेटी उघडत होते. "जावई कोर्टात बोलला ते तेवढंच. मुलगी... हल्ली फार बोलत नाही ती. कोणाशीच." त्यांनी बारीक पेचकस काढला आणि हात पुढे केला. "ते राहू दे. द्या इकडे. काय दशा केलीय चष्म्याची!"

बाईंचा हात सवयीने चष्म्याकडे गेला. तिथेच थांबला. त्यांनी चष्मा काढला नाही. दोन्ही काड्या बोटांनी धरून तो डोळ्यांवर घट्ट बसवला आणि काकांकडे बघितलं, नीट, त्यांचा चेहरा दिसेल असं. बहुधा पहिल्यांदाच इतका वेळ.

"काका," त्या म्हणाल्या, "मी तुमच्या बाजूने नव्हते. मी मालकाची वकील होते त्या दिवशी."

काकांचा हात पुढेच होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खोटं ठरवेन अशा आशेने. मी खाली बघितलं. पलीकडच्या टेबलावर कोणीतरी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"मला ठाऊक नव्हतं ते तुम्ही आहात," बाई म्हणाल्या. "नाव विचारायचं नाही असा आमचा नियम होता. मी तुम्हाला कधी धड पाहिलंच नव्हतं."

काकांनी हात मागे घेतला. पेचकस पेटीत ठेवला, पेटीची कडी लावली. ते रागावले असते तर बरं झालं असतं, बाईंना आणि मलाही. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता. इतके शनिवार याच खुर्चीत बसून ते बाईंना प्रश्न विचारत आले होते आणि प्रत्येक वेळी त्यांना उत्तर मिळालं होतं. तसाच त्यांनी हाही विचारला.

"मग तुम्ही विचारलंत कशाला?"

बाईंचे ओठ हलले. काका थोडे पुढे वाकले आणि पेटी मांडीवर धरून वाट बघत बसले.